डोंगरावर जायचे कपडे

मोठ्या बाईंना कुणी "चला" म्हटल्याला बरीच वर्षं लोटली होती. "थांबा" म्हणणारे मात्र घरात पोत्यानं होते. गॅसवाला यायचाय, अहो आई, तुम्ही थांबा. पार्सल यायचंय, आई, तू थांब. सगळेच लग्नाला निघालोत, दाराला कुलूप बरं दिसत नाही, तुम्ही थांबा. या घरानं कुत्रं पाळलं नाही ते आपल्या जिवावर, हे मोठ्या बाईंनी एकदा भर जेवणात बोलून दाखवलं होतं. त्यावर मुलानं मान वर न करता पाणी मागितलं होतं.

म्हणून दारात बूट सोडता सोडता नात म्हणाली, "आजी, रविवारी माझ्याबरोबर डोंगरावर चल," तेव्हा मोठ्या बाईंनी आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

नातीला नवी नोकरी लागली होती. शहरातल्या माणसांना डोंगरावर चालवत न्यायचं आणि झाडंपाखरं दाखवून परत आणायचं. माणसं हाकून नेण्याला पगार मिळतो हे मोठ्या बाईंना पटलं नव्हतं, पण पोरगी खूश होती. रविवारी तिची पहिलीच तुकडी जायची होती.

"माझ्या पहिल्या फेरीला तू हवीस," नात म्हणाली. "बाकी कुणी नको."

"बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं 'बघू' म्हणजे पळत येते. पण पळत येते असं म्हणणाऱ्या बायका वेगळ्या.

सुनेनं स्वयंपाकघरातून मान काढली. "अहो आई, गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. मी घेऊन जाईन."

इथवर सगळं छान होतं. मग नातीनं नियम सांगितले. कपडे हातपाय झाकणारे हवेत. भडक रंग नको, पाखरं बुजतात. माती, वाळलं पान, शेवाळ असले रंग चालतील. आणि प्लास्टिकच्या धाग्याचं काही नको, कारण असलं कापड धुतलं की बारीक बारीक तूस सुटतं, ते ओढ्यात जातं आणि मासे ते खातात.

"माशांना कळत नाही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"माणसांना कुठं कळतं, आजी?"

"बरं. म्हणजे मळकट, अंगभर आणि सुती. एवढंच ना?"

"आणि उगाच महाग नको," मुलगा वर्तमानपत्राआडून म्हणाला. "एका रविवारचा तर प्रश्न." मुलगा एका कचेरीत खर्चाला कात्री लावायच्या खात्यात होता आणि कात्री संध्याकाळी घरी घेऊन यायचा.

"आणि टिकाऊ हवं," मोठ्या बाईंनी आपला नियम त्यात घातला. "एका रविवारपुरतं कापड मी अंगाला लावत नाही."

आता बघा, स्वस्त, टिकाऊ, मळकट आणि माशांना न बाधणारं. देवानं हे जग केलं तेव्हा हे चार गुण त्यानं एका ठिकाणी कधी ठेवले नाहीत, ना कापडात ना जावयात. पण हे कळायला मोठ्या बाईंना आख्खा आठवडा घालवावा लागला, आणि त्यात इमारतीची सांडपाण्याची नळीही गेली.

बातमी जिन्यातून खाली पोचायला वेळ लागला नाही. समोरच्या माहितीबाई लगेच आल्या. त्यांना इमारतीत दुसरं नाव नव्हतं, पहिलं काय होतं ते त्याही विसरल्या असाव्यात.

"बांबूचं घ्या," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. "हल्ली सगळं बांबूचं असतं. मऊसूत."

"बांबूचं सूप माहीत आहे मला. चड्डी नाही."

"अहो, अंगाला लागतसुद्धा नाही!"

"मग घालायचं कशाला?"

पाठोपाठ खालच्या मजल्यावरचे व्यायामकाका चढून आले. हे गृहस्थ कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही बर्फावर चालायचे बूट घालत. ते म्हणाले, "थर! थरांत सगळं आहे. आत एक थर, मध्ये एक थर, वर एक थर. माणूस कांद्यासारखा हवा."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कांद्यासारखा हवा हे त्यांनी फारच मनावर घेतलेलं दिसत होतं.

उंटावरचे शहाणे खाली उतरवून झाल्यावर मोठ्या बाई सुनेला घेऊन बाजारात गेल्या. मोठ्या इमारतीत, सरकत्या जिन्याच्या वर, एक दुकान होतं. दारावर हिरवं पान आणि आत मातीच्या रंगाच्या कपड्यांच्या रांगा. प्रत्येकाला जाड कागदाचं लेबल, त्यावर शेतकऱ्याचा हसरा फोटो. विकणारी पोरगी इतक्या हळू बोलत होती की जणू आत कुणी आजारी निजलं होतं.

"हे जाकीट शुद्ध सुती आहे, मॅडम. खतं नाहीत, औषधं नाहीत. आतून मेणाचा हलका हात दिलाय, म्हणून पाऊस लागत नाही."

मोठ्या बाईंनी कापड चिमटीत धरलं, ओढलं, वास घेतला. मोठ्या बाई शाळेत किती गेल्या हा विषय घरात कुणी काढत नसे. पण कापडाची पारख हे त्यांचं विद्यापीठ होतं आणि तिथल्या त्या कुलगुरूही होत्या. कापड गुळगुळीत लागलं. सुताला असा गुळगुळीतपणा येतोच कसा?

"सुती म्हणता?"

"शंभर टक्के, मॅडम."

"शंभर टक्के म्हणणाऱ्याचं मी नव्वद टक्के ऐकत नाही," असं म्हणून मोठ्या बाईंनी शिवणीतून लोंबणारा धागा तोडला, पर्समधून काडेपेटी काढली आणि धागा पेटवला.

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, असं त्या अजूनही म्हणतात. सूत जळलं की कागदाचा वास येतो आणि राख पडते. प्लास्टिक असलं तर वितळून काळा मणी होतो. त्यांची आईही असंच करायची. पण आईच्या काळी दुकानाच्या छतात धूर हुंगणारं यंत्र बसवलेलं नव्हतं.

आधी एक घंटा वाजली. मग सगळ्या वाजल्या. सरकता जिना थांबला, आणि छतातली बाई गंभीर आवाजात सांगू लागली की घाबरू नका, बाहेर पडा. हे ऐकल्यावर सगळे घाबरले आणि बाहेर पडले. दाढी अर्धी झालेला एक गृहस्थ टॉवेलासकट रस्त्यावर उभा होता. सून दिव्याच्या खांबाला टेकून, आपण यांना ओळखत नाही असा चेहरा करून उभी होती. ती तसा चेहरा घरीही करू शकते.

मोठ्या बाई मात्र हातातली राख सांभाळत खाली आल्या. राख होती. मणी नव्हता. कापड खरंच सुती होतं.

सुरक्षेच्या साहेबांनी त्यांना खुर्चीत बसवून जबाब घेतला.

"आग लावण्याचं कारण?"

"खात्री."

"तसा रकाना नाही, आजी. इथं अपघात, बिघाड किंवा गैरहेतू आहे."

"मग नवा काढा."

साहेबांनी बराच विचार करून 'बिघाड' लिहिलं. कशात बिघाड, हे लिहिलं नाही; मोठ्या बाईंनी तेही विचारलं, तेव्हा सून म्हणाली, "आई, सही करा."

दुकानाची मालकीण हात जोडून म्हणाली, की तुम्ही पुन्हा आला नाहीत तर आम्ही ऋणी राहू. म्हणजे पाहा, सगळ्या शहरात एकच खरं बोलणारं दुकान, आणि त्याचंच दार स्वतःच्या हातानं, म्हणजे स्वतःच्या काडीनं, बंद झालेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बसमध्ये मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि सून तोंडावर रुमाल धरून बसली. ती हसत होती. पाठीवरून कळतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई एकट्याच निघाल्या. साक्षीदार नको होता.

स्टेशनामागच्या गल्लीत वापरलेल्या कपड्यांचं एक केंद्र होतं. लोक नकोसे कपडे तिथं देतात, केंद्र ते स्वस्तात विकतं आणि पैसे चांगल्या कामाला जातात. जुन्या कपड्याला नवं शेत लागत नाही आणि नवं पाणी लागत नाही, त्यामुळे मासेही खूश, असं माहितीबाईंनी सांगितलं होतं. दुसऱ्याचे उतरलेले कपडे घालायचे हे मोठ्या बाईंच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण रविवार जवळ येत होता, आणि घरात कुणीतरी "जाऊ दे आई, तू थांब" कधीही म्हणेल अशी त्यांना धास्ती होती. ते म्हणायच्या आत कपडे हवे होते.

तिथं ढिगातून त्यांनी एक पॅन्ट उपसून काढली. आयुष्यात पहिली. चिखलाच्या रंगाची, जाड सुताची, आणि गुडघ्यावर इतकं सुबक रफू केलेलं, की बोटानंही कळू नये.

"बघा," त्या विकणाऱ्या बाईंना म्हणाल्या, "याला म्हणतात हात! असं रफू आता कोण करतं? ज्या घरची ही पॅन्ट, त्या घरात कुणीतरी शहाणी बाई आहे."

आणि त्याच ढिगात, खाली दबलेलं, एक जाकीट होतं. मेणाचा हात दिलेलं, सुती, शेवाळी. थेट त्या दुकानातल्यासारखं. मोठ्या बाईंनी काडेपेटीकडे हात नेला नाही, इतपत त्या शिकल्या होत्या. पिशवी छातीशी धरून त्या घरी आल्या तेव्हा पायात बळ आलं होतं.

मुलगा दारातच होता. त्यानं पॅन्ट पाहिली.

"ही माझी आहे."

"काहीतरीच."

"माझीच. खिशाला आत शाईचा डाग आहे बघ."

डाग होता. गेल्याच आठवड्यात सुनेनं कपाट आवरताना ती त्या केंद्राला दिली होती. आणि गुडघ्यावरचं रफू? ते सांगायची कुणालाच गरज पडली नाही. स्वतःच्या हाताची दुकानात तोंड भरून स्तुती करून, वर पैसे मोजून, मोठ्या बाईंनी स्वतःच्याच घरची पॅन्ट घरी आणली होती.

"निदान पारख चुकली नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

इथंच थांबल्या असत्या तर गोष्ट पाहुण्यांसमोर सांगण्यासारखी झाली असती. पण मोठ्या बाईंच्या घरात एक रीत होती, आणि ती मोडणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. बाहेरून आलेलं कापड धुण्याचा सोडा टाकून उकळत्या पाण्यात काढल्याशिवाय अंगाला लावायचं नाही. त्यात हे जाकीट परक्याचं. शिवाय चिकट लागत होतं, आणि चिकटपणा म्हणजे मळ. लेबलावर पाण्याच्या बादलीचं चित्र होतं, त्यावर फुली. मोठ्या बाईंना त्याचा अर्थ लागला तो असा, की बादलीत मावणार नाही, मोठं भांडं घ्या.

मोठं पातेलं घेतलं. पाणी रटरटलं. सोडा पडला. जाकीट फिरवलं. वर काहीतरी तवंग आला, तेव्हा मोठ्या बाई समाधानानं म्हणाल्या, "बघा, केवढा मळ!" आणि ते सगळं, जाकिटासकट आणि गरम पाण्यासकट, धुण्याच्या मशीनमध्ये ओतलं. आत घरातले बाकीचे कपडे होतेच. एकाच पाण्यात होऊन जाईल. काटकसर फक्त मुलालाच कळते असं नाही.

मेणाला थंड पाणी लागलं की ते काय करतं हे लहान पोरही सांगेल. पण त्या वेळी घरात लहान पोर नव्हतं.

मशीन उघडलं तेव्हा जाकीट बिचारं फिकं, सुरकुतलेलं आणि ओलंचिंब होतं. त्याच्या अंगावरचं मेण घरभर वाटलं गेलं होतं. मुलाचे कचेरीचे शर्ट दोरीवर टाकताच हात पसरून ताठ उभे राहिले. सुनेचा नवा कुर्ता दारासारखा उघडत होता. मोजे जमिनीवर ठेवले तर आपले आपण उभे. मुलगा दुसऱ्या दिवशी त्यातला एक शर्ट घालून गेला, कारण दुसरा नव्हता. वाकला की कडकड वाजायचा. साहेबांनी त्याला सभेत विचारलं म्हणे, की तुम्ही काही खाताय का?

दुपारी खालून व्यायामकाकांची हाक आली. त्यांच्या मोरीत पाणी वर येत होतं. मग त्यांच्या खालच्यांच्या मोरीत. नळवाला आला, नळीत तार घातली, बाहेर काढून हातात घेऊन बघत बसला.

"मावशी," तो म्हणाला, "वातीचा दोरा सोडला असता तर इमारतीएवढी मेणबत्ती झाली असती."

"तोंड चालवतोस तसा हात चालव."

इमारतीच्या सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली: 'सभासदांनी सांडपाण्यात मेण सोडू नये.' तोवर इमारतीत कुणी मेण सोडत नव्हतं, त्यामुळे सूचना कुणासाठी आहे हे विचारायला लोक वर येऊ लागले. माहितीबाई दोनदा आल्या. व्यायामकाका म्हणाले, "मी थर म्हणालो होतो, पण असा नव्हे."

त्या दिवशी मोठ्या बाई जेवल्या नाहीत. जेवल्या नाहीत हे कुणाच्या लक्षात यावं म्हणून स्वयंपाकघरात जाऊन दोनदा भांडी आपटली, तरी आलं नाही. सगळे मोज्यांवरचं मेण खरवडत बसले होते. त्या खिडकीशी बसल्या. जाकीट दोरीवर लोंबत होतं, अजून वाळलं नव्हतं आणि आता पाऊस सोडा, दवही अडवणार नव्हतं. कशाला हा खटाटोप? नात म्हणाली म्हणून? लहान पोरं काहीही म्हणतात. आपण आपलं दार राखावं, गॅसवाला आला तर गॅस घ्यावा. म्हातारपणी हौस म्हणजे चेहऱ्याला लावलेली पावडर, सुरकुत्या झाकत नाही, उलट मोजून दाखवते.

"मी येत नाही म्हणून सांग तिला," त्या सुनेला म्हणाल्या. "गुडघा दुखतोय म्हणावं."

सून उठली. आत गेली, आणि एक तपकिरी सुती सदरा घेऊन आली. मऊ, धुऊन धुऊन अंग सुटलेला, लांब बाह्यांचा.

"माझा आहे. कॉलेजातला. मेण लागलेलं नाही."

"मला नको कुणाचा उपकार."

"उपकार कसला? तुमच्या गुडघ्याचं मी तिला सांगणार नाही, एवढंच. सांगायचं तर तुम्ही सांगा." आणि सदरा खुर्चीवर टाकून ती मोजे खरवडायला गेली.

मोठ्या बाईंनी सदरा उचलला. चिमटीत धरला. कापड चांगलं होतं. सुनेचं काहीतरी चांगलं निघालं हे त्यांना जरा जड गेलं, पण सदरा अंगात गेला.

रविवारी सकाळी, मुलाची पॅन्ट पोटाशी दुमडून आणि सुनेचा सदरा घालून, मोठ्या बाई डोंगराच्या पायथ्याच्या फाटकाशी उभ्या होत्या. नात आधीच पोचली होती, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. तिनं आजीला पाहिलं आणि हात वर केला. इतक्या लांबून कुणी आपल्याला हात केलाय, हे आजूबाजूच्यांनी पाहिलं का, ते मोठ्या बाईंनी पाहिलं.

मग तुकडी आली. एक नारिंगी, एक पोपटी, एक गुलाबी, दोघं तर रात्रीही दिसतील असे चकचकीत पिवळे. पायांपासून टोपीपर्यंत प्लास्टिक. चालले की सरसर आवाज व्हायचा. फाटकावर मोठा फलक होता: भडक रंग नको, कृत्रिम धागा नको. फलकाखाली पहारेकरी उभा होता आणि त्यांना हसून आत सोडत होता.

"अहो, हे काय लिहिलंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"फलक आहे तो, आजी."

"मग?"

"लावायला सांगितलं, लावला." मग त्यानं मोठ्या बाईंचं ओळखपत्र हातात घेतलं, वरची तारीख वाचली, आणि मान हलवली. "तुम्हाला नाही जाता यायचं. साठीच्या पुढं वर सोडत नाही. ओढ्यापर्यंतची सपाट वाट आहे, पण त्यालाही वाटाड्या लागतो. बसा त्या बाकावर."

"हे कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण पाळतो."

मोठ्या बाई बाकावर बसल्या. नारिंगी माणूस लगबगीनं आला. "आजी, इथंच आहात ना? जरा लक्ष ठेवा हं," म्हणून त्यानं आपली जादाची पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली. त्याचं पाहून गुलाबी बाईनं ठेवली. मग पिवळ्यांनी. बघता बघता मोठ्या बाईंभोवती सामानाचा ढीग झाला आणि त्या मधोमध, चिखलाच्या रंगाच्या, त्यात शोभून दिसू लागल्या.

नात धावत आली. तिचा चेहरा उतरला होता. "आजी, मला खरंच माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नाही."

"जा तू. लोक थांबलेत. मी बसते इथं, सवय आहे." आवाज खणखणीत काढायचा होता, पण मेण लागल्यासारखा निघाला.

नातीनं सामानाच्या ढिगाकडे पाहिलं. मग तिनं शिट्टी वाजवली.

"आज आपण ओढ्याच्या वाटेनं जाणार आहोत," ती सगळ्यांना म्हणाली. "आपापल्या पिशव्या उचला."

"अहो, पण आम्ही डोंगर चढायला आलोय!" नारिंगी माणूस म्हणाला.

"डोंगर ओढ्यावरून पूर्ण दिसतो. वर चढलं की दिसत नाही."

"मी तक्रार करीन."

"करा. कचेरी उद्या उघडते."

मोठ्या बाईंनी तिचा हात ओढला. "अगं, वेडी का काय? पहिल्याच दिवशी नोकरी जाईल."

"जाईल नाहीतर राहील. तू ऊठ."

कुरकुरत, सरसरत तुकडी निघाली. नात पुढं, तिच्या मागं मोठ्या बाई, आणि त्यांच्या मागं सगळे नाराज रंग. वाट सपाट म्हणाले होते ती सपाट नव्हती. दगड होते, मुळं होती, एका ठिकाणी उतार. गुडघा खरंच दुखायला लागला. खोटं बोलायच्या आधी विचार करावा तो यासाठी.

नात सारखी थांबायची, कुठलंसं पान दाखवायची, पाखराचं नाव सांगायची. दर वळणाला एक पान.

"हळू कशाला चालतेस?" मोठ्या बाई धापा टाकत म्हणाल्या. "माझ्यासाठी नको हं. मी येतेय."

"पानं दाखवायचा पगार मिळतो, आजी."

उताराशी पाय घसरला तेव्हा मोठ्या बाईंनी पुढं हात टाकला आणि नातीच्या सदऱ्याची पाठ मुठीत धरली. कंपनीनं दिलेला तो सदरा, पाठीवर हिरवं पान छापलेला. मूठ वळताक्षणी त्यांना कळलं. गुळगुळीत, थंड, जराही न चुरगळणारं. काडी लावायची गरज नव्हती. काळा मणी झाला असता, बोराएवढा.

नातीनं मान वळवली. तिलाही कळलं, की आजीला कळलंय. तिचे कान लाल झाले.

"त्यांनी हाच दिला, आजी," ती हळूच म्हणाली. "गणवेश आहे."

कापडावर मत न देता मोठ्या बाई आयुष्यात कधी पुढं गेल्या नव्हत्या. मागं सगळी तुकडी खोळंबली होती. खालून ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

"बरा आहे," त्या म्हणाल्या, आणि मूठ आणखी घट्ट केली. "फाटत नाही. चल पुढं."